मास्तरांची राखण

मास्तरांना कुणी नवा सदरा दिला की त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची. जुना अंगावर असताना नवा आला, म्हणजे एक कुणाला तरी द्यायला हवा, आणि तोही दिवस मावळायच्या आत, कारण दोन सदऱ्यांचा धनी म्हणून त्यांना झोप लागत नसे. द्यायचा तो नेहमी नवा. मग ते वस्तीत माणूस शोधत फिरायचे. माणूस मिळे, पण सदरा त्याला बसत नसे. मास्तर चांगले सहा फूट उंच आणि आमच्या वस्तीतले पुरुष अंगाने बेताचे. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत सदरा घातलेला एखादा म्हातारा बांधावर दिसला की आम्ही समजायचो, मास्तरांना कुठून तरी भेट आलेली आहे.

मी तिथे गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, विधवा होते, आणि जाताना गाडीत रडत होते. माझं माहेर नगरचं. मिशनने मला शिक्षिका म्हणून पाठवलं ते थेट मोगलाईत, निजामाच्या मुलखात, येरमाळ्याहून बार्शीच्या अंगाला तीन कोसांवरच्या एका गावी. गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची वीस-बावीस घरं आणि मध्ये एक लांबट खोली. सोमवार ते शनिवार ती शाळा, रविवारी तेच प्रार्थनामंदिर. शिकवायला दोघं, मास्तर आणि मी. उपासनाही मास्तरच चालवायचे, कारण पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा उगवायचे. शाळेच्या एका बाजूला माझी खोली, दुसऱ्या बाजूला मास्तरांची. त्यांच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. शेळ्या, कोंबड्या, पाटी विसरलेली पोरं, ज्याला वाटेल तो आत जाई आणि बाहेर येई.

घरात सगळं एकेक. एक ताट, एक तांब्या, एक घोंगडी. मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा सांगणं आलं की ताट घेऊन या. मला रागच आला. म्हटलं, "मास्तर, उद्या येशू तुमच्या दारी जेवायला आला तर काय कराल?"

"त्याला ताट दीन. म्या हातावर भाकर घीन."

"आणि मी आले तर?"

"तुमी तुमचं ताट आना. तुमी काय येशू न्हाय, बाई."

अशा माणसाशी भांडता येत नाही. मी ताट घेऊन गेले. भाकरी उत्तम होती, पिठलं खारट होतं आणि ते खारट आहे हे त्यांना ठाऊकही होतं.

आमच्या लोकांत मुठीच्या धान्याची एक रीत होती. चुलीवर काही चढवण्याआधी बाईने धान्यातली एक मूठ देवाच्या नावाने वेगळ्या मडक्यात टाकायची. महिनाअखेरीला सगळ्यांची मडकी मास्तरांच्या खोलीतल्या कणगीत रिकामी व्हायची आणि त्यातून ज्याच्या घरी चूल पेटत नसेल त्याला जायचं. मास्तर स्वतःच रांधायचे, त्यामुळे मूठही स्वतःच टाकायचे. आता त्यांचा पंजा म्हणजे सूपच. एकट्याचा स्वयंपाक असतो किती? तीन मुठी घेत आणि त्यातली एक काढून टाकत. मी म्हणायचे, मास्तर, बायकांची मूठ ठरलेली आहे, तुमची फार मोठी होते. ते म्हणायचे, "देवानं हात दिलाय त्या मापाचा. लहान मूठ कशी काडू? अर्धी बोटं मिटून?" आणि खरोखर अर्धी बोटं मिटून दाखवायचे. ते इतकं केविलवाणं दिसे की मला हसू येई.

सुगी झाली की आमच्याकडे उपकाराची उपासना व्हायची. जो तो शेतातलं पहिलं आणायचा. ज्वारीची कणसं, करडई, वांगी, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. सगळी रास टेबलापुढे लागायची, प्रार्थना व्हायची, आणि मग त्याच वस्तूंचा लिलाव. इथून पुढे मास्तरांचं तोंड वाकडं व्हायला सुरुवात होई. कारण लिलावात देव मागे पडायचा आणि बोली पुढे जायची. चार आण्यांचा भोपळा एकाने पाच कलदार रुपयांना घेतला होता, केवळ साडूला खाली बघायला लावायला. पुढे दहा वर्षं तो 'पाच रुपयांचा भोपळा' म्हणूनच ओळखला गेला आणि त्याला ते आवडायचंही. मास्तर थांबायचे. सगळ्यात शेवटी कुणी न घेतलेली एक वस्तू उरायची, तडकलेलं अंडं म्हणा, किडकं वांगं म्हणा, आणि तिला मास्तर चांगल्या वस्तूची किंमत द्यायचे. एका वर्षी एक लंगडी कोंबडी घेतली. पण मग घरात कोंबडी झाली. ती त्यांनी कुणाला दिली नाही, कारण लंगडी वस्तू दुसऱ्याला देणं त्यांच्या हिशोबात बसेना. ती चार वर्षं त्यांच्या घोंगडीवर झोपली. मास्तरांच्या आयुष्यातली तेवढी एक चैन.

एकदा मिशनचे एक मोठे उपदेशक मोटारीतून आले. शहरातले, गोड गळ्याचे. त्यांनी सांगितलं की जो सढळ हाताने देतो त्याला देव दुप्पट देतो, विश्वासणाऱ्याच्या घरात लक्ष्मी नांदते वगैरे. लक्ष्मी हा शब्द अर्थात त्यांनी वापरला नाही, पण मतलब तोच. लोक खूश झाले. उपासना संपायला आली आणि मास्तर मागून उठून उभे राहिले.

"साहेब, एक इचारू? दुप्पट मिळावं म्हनून दिलं, तर ते दान झालं का याजानं लावलं?"

उपदेशक हसले. म्हणाले, देवाच्या आशीर्वादात संशय घेऊ नये.

"संशय न्हाय घेत. म्या तीस वर्सं देतोय, माजं काय दुप्पट झालं न्हाय, म्हनून आपलं इचारलं. वस्तीतले समदे देत्यात. त्यास्नी मिळालं न्हाय, तर त्यांचा इस्वास खोटा म्हनायचा का? तसं सांगून जाऊ नगा, साहेब. तुमची मोटार जाईल, आन् बायका रडत माज्याकडं येतील."

मोटार गेली. मास्तरांची हेडमास्तर म्हणून येरमाळ्याला बढती व्हायची होती, तीही तिच्यामागून गेली. मला तेव्हा मास्तरांचा फार अभिमान वाटला. पण हेही सांगते की त्या संध्याकाळी ते स्वतःवर खूश होते. लंगड्या कोंबडीला मांडीवर घेऊन बसले होते आणि गुणगुणत होते. आपल्याजवळ काही नाही, याची त्यांना मनातून ऐट होती.

त्यांना बायको होती, हे मला सहा महिन्यांनी वस्तीतल्या बायकांकडून कळलं. एका वाईट सालात, कणगी रिकामी झाली होती तेव्हा, मास्तरांनी बायकोच्या गळ्यातली चांदीची सरी विकून ज्वारी आणली. सरी तिच्या आईची होती. तिला विचारलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तुमचं द्या की. माझं का देता?" आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन सोलापूरला भावाकडे गेली. मास्तर तिला दर महिन्याला पत्र लिहीत. पत्र पेटीत टाकायला ते स्वतः येरमाळ्यापर्यंत चालत जात आणि तसेच परत येत. उत्तर आलेलं मी तरी पाहिलं नाही. रविवारी उपासना संपून लोक घरोघर गेले की मास्तर शाळेतल्या सतरंज्या एकट्याने झटकत, घड्या घालत, पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घालत. मीही माझ्या खोलीत एकटीच असे. आमच्या दोघांत शाळेएवढी एक भिंत होती आणि ती ओलांडून एकमेकांकडे बसायला जाणं लोकांच्या दृष्टीने बरं नव्हतं. तेव्हा ते सतरंज्या झटकत आणि मी ऐकत असे.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष आलं. आमच्या गावापासून कोसभरावर हद्द होती, तिथे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. हद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूला दुसरं राज्य. आज या गावात लूट झाली, उद्या त्या गावात, असं कानावर येऊ लागलं आणि ज्यांच्याजवळ काही होतं ते गाड्या जुंपून बार्शीकडे निघाले. आमच्या वस्तीला निघायचं कारण नव्हतं. आमच्याकडे न्यायला काय होतं?

एका दुपारी शाळेच्या दारात वाणीअप्पा उभा राहिला. गावातलं एकुलतं किराणा दुकान त्याचं. त्याच्या ओट्यावर आमच्या वस्तीतल्या कुणाला पाय ठेवता येत नसे, तो वरून पदरात मीठ सोडायचा. तो माणूस आज डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन स्वतः आला होता. मुलांना मी बाहेर सोडलं. त्याने पोतं ठेवलं आणि म्हणाला, "मास्तर, ह्यात तळाला एक गठुडं हाय. आमच्या चार भावांच्या बायकांचं. वाटंनं न्यायची सोय न्हाय. एवढं ठिवा."

मास्तर दोन पावलं मागे सरकले. "माज्याकडं नगं, अप्पा. मला त्याचं भ्या वाटतं."

"म्हनूनच आनलंय. भ्या वाटत न्हाय त्याच्याकडं कोन ठिवील? आन् तुमच्या घरात हुडकायला कोन येतंय? आला तर तुमीच त्याला सदरा द्याल."

हे अगदी खरं होतं.  शेवटी मास्तरांनी पोतं उचललं. गाठोडं मुठीच्या धान्याच्या कणगीत, खाली तळाशी गेलं आणि वर आमच्या बायकांनी मुठीमुठीने काढलेली ज्वारी पसरली. हे आम्हा तिघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि तिसऱ्या दिवशी मास्तरांनी काय करावं? येरमाळ्याच्या बाजारात जाऊन नारळाएवढं कुलूप विकत आणलं आणि आपल्या दाराला घातलं.

मी सकाळी पाहिलं. ज्या घराला कधी कुलूप पाहिलं नाही त्याला कुलूप, तेही असल्या दिवसांत. मी म्हटलं, "मास्तर, यापेक्षा दवंडी पिटली असती तर बरं झालं असतं."

त्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. ज्याने जन्मात काही लपवलं नाही त्याला लपवता कसं येणार? घाईघाईने कुलूप काढलं. पण मग ते स्वतःच कुलूप झाले. उंबऱ्यावर बसून राहायचे. शाळेत आले तरी दार दिसेल असेच उभे राहायचे. एक पोर चेंडू आणायला आत गेलं तर ओरडले. मास्तरांचा ओरडा वस्तीने पहिल्यांदा ऐकला. रविवारी लोक सतरंज्यांवर येऊन बसले आणि मास्तर वीस पावलं चालून आले नाहीत. उपासना मी घेतली. प्रार्थना करताना माझं लक्ष प्रार्थनेत नव्हतं.

त्या दुपारी मी सरळ त्यांच्या उंबऱ्यापाशी गेले. लोकांना काय वाटायचं ते वाटो. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली.

"बाई, म्या गठुडं सोडून बघितलं," ते म्हणाले.

मी उंबऱ्याच्या अलीकडे खाली बसले.

"पाटल्या हायती, पुतळ्या हायती. एक पाटली हातात घीऊन म्या दुपारभर बसलो. मनात काय आलं, सांगू? सोलापुरात एक खोली घ्यावी. तिच्या मायची सरी व्हती तशी सरी करून न्यावी. म्हनावं, चल. एका पाटलीत माजा संसार परत येत व्हता, बाई."

बाहेर कोंबडी खुरडत होती. ते तिच्याकडे बघत बोलत होते.

"तीस वर्सं म्या लोकास्नी सांगितलं, लोभ सोडा. पवता न येनाऱ्यानं हिरीच्या काठावरून सांगावं तसं. मला काय ठावं व्हतं? मला वाटायचं, लोभ म्हंजी पोट भरल्यावर बी खात ऱ्हानं. माजं तर पोट कवाच भरलं न्हवतं. भुकेल्या मानसाला तो असा धरतो, हे म्या कुनाला सांगितलंच न्हाय. आता लोकांपुढं कुटल्या तोंडानं हुबा ऱ्हाऊ?"

मी म्हटलं, "पाटली परत ठेवलीत ना?"

"ठिवली. पर ठिवताना हात जड झाला."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. पुढच्या रविवारी मी त्यांना अक्षरशः हाताला धरून शाळेत नेलं आणि वस्तीतल्या एका म्हातारीला त्यांच्या उंबऱ्यावर ज्वारी निवडायला बसवलं. त्या दिवशी मास्तर लोभावर बोलले. आवाज खाली होता. 'तुम्ही' असं एकदाही म्हणाले नाहीत, सगळं 'आपण'.

फौजा आल्या, राज्य गेलं, आठ-दहा दिवसांत अप्पाची गाडी परत आली. अप्पा बायकोला घेऊन शाळेत आला. मास्तरांनी गाठोडं समोर ठेवलं. तिने एकेक दागिना बरोबर आणलेल्या तांब्यातल्या पाण्याने धुतला, आमच्या देखत, आणि मग ओटीत घातला. अप्पा ओशाळून दुसरीकडे बघत होता. मला इतका संताप आला की मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले. मास्तर मात्र तिला आणखी पाणी लागलं तर म्हणून आपला तांब्या भरून घेऊन उभे राहिले. तिने तो घेतला नाही.

मला वाटलं, संपलं. पण राज्य गेलं तशी भीती एका घरातून उठून दुसऱ्या घरात गेली होती. करोडगिरीचा नाकेदार आधीच कुठेतरी पळाला होता. त्याची बायको आणि मुलगी मागे राहिल्या होत्या. ती मुलगी आमच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकली होती. एका सकाळी त्यांची गाडी शाळेपुढे थांबली. बुरख्यातली बाई उतरली आणि कापडात शिवलेली एक पितळी डबी तिने मास्तरांच्या पुढे धरली.

"मास्टरसाब, बच्ची के शादी का है. रस्ते में कोई छोडते नै. हैदराबाद जारूं, चार म्हैने में आके लेजातूं. किसी को नक्को बोलो. मैं तुम्हारे दरवाजे कू आतूं."

मास्तरांनी वाद घातला नाही. दोन्ही हातांनी डबी घेतली आणि म्हणाले, "या. म्या हितंच असीन." मग काठी घेऊन ते तिच्या गाडीपुढे चालू लागले. येरमाळ्याच्या पुढे दोन गावांपर्यंत चालत गेले आणि गाडीला कुणी हात लावला नाही.

नाकेदाराने दहा वर्षांत नाक्यावर कुणाला सोडलं नव्हतं. डबीचा सुगावा लागता तर अर्धं गाव म्हणालं असतं, त्यात आमचे पैसे आहेत, काढा. कणगीत ती ठेवता येईना, कारण आता घडी बसली होती आणि बायका महिन्याला धान्य काढायला येत होत्या. मास्तरांनी डबी पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि ते कुलूप पुन्हा दाराला चढलं.

गाव काय आंधळं नव्हतं, आणि अप्पाच्या गाठोड्याची गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली होती. अप्पाने सोनं नेलं, मग कुलूप कशाला? तर अप्पाच्या गाठोड्यातलं काहीतरी मास्तरने दाबलं. अप्पा तसं कधी बोलला नाही, पण कुणी म्हटलं तर नाहीही म्हणाला नाही. वस्तीतसुद्धा कुजबुज सुरू झाली. सुगीच्या लिलावात मास्तरांनी किडकं वांगं घेतलं तेव्हा मागून कुणीतरी हसलं. एवढा एक लौकिक त्या माणसाने जन्मभर जमवला होता, आणि तो त्यांनी त्या डबीपायी एक शब्द न बोलता जाऊ दिला. मी एकदा म्हटलं, मी सांगते लोकांना. ते म्हणाले, "नगं. तिनं कुनाला सांगू नगा म्हनलंय. आन् बाई, मला बी त्या नावाची लई गोडी लागली व्हती."

चार महिने गेले. वर्ष गेलं. एकदा मास्तर पगाराला येरमाळ्याला गेले असताना कुणीतरी मागची भिंत फोडून त्यांच्या खोलीतली जमीन खणली. डबी वाचली, कारण त्या दिवशी ती त्यांच्या सदऱ्याच्या आत, पोटाला बांधलेली होती. त्यानंतर मास्तर येरमाळ्यालाही जाईनात. पत्रं माझ्याकडे देऊ लागले.

आणि मग एके दिवशी त्यांचा मुलगा आला. वीस-एकवीस वर्षांचा, सोलापूरला गिरणीत लागलेला, बापासारखाच उंच. मला म्हणाला, "आईला बरं न्हाय. म्हणती, त्यांना घेऊन ये, काय राग न्हाय आता. डॉक्टरनं दोन महिने सांगितलेत." हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. मास्तर उभे होते ते खाली बसले. इतक्या वर्षांनी उत्तर आलं होतं.

मुलगा विहिरीवर हातपाय धुवायला गेला तेव्हा मास्तर माझ्या खोलीपाशी आले.

"बाई, डबी सोलापूरला कशी नेऊ? तिच्या मायची सरी म्या घालवली. आन् दुसऱ्या बाईचं सोनं पोटाला बांधून तिच्या उशाला बसू? पोरानं तर समदं बघितलंय लहानपनी. हितं ठिवून जावं तर जमीन बी उकरत्यात. आन् ती बाई नेमकी तवाच आली तर?"  मग म्हणाले, "दोन म्हैनं तुमी संबाळता का?"

माझ्या हातात त्याच आठवड्यात आलेलं मिशनचं पत्र होतं. नगरला बदली. पाच वर्षं मी त्या पत्रासाठी प्रार्थना केली होती. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. आणि खणलेल्या जमिनीचा खड्डा मी रोज बघत होते, एकटी बाई, कुडाचं दार. हे सगळं मनात आलं. पण खरं सांगायचं तर पत्र आधी आलं, भीती मागून.

"मास्तर, माझी बदली आलीय," मी म्हटलं.

"व्हय, व्हय," ते लगेच म्हणाले. "नगरला जा. आई वाट बघत आसंल तुमची."

मुलगा दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. मास्तरांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्याने जाताना बापाच्या पायाला हात लावला नाही. चार दिवसांनी मास्तरांनी माझी ट्रंक दोरीने बांधून दिली, गाडीत चढवली, आणि दोरीची गाठ पुन्हापुन्हा ओढून पाहिली.

त्यांची बायको पुढच्या महिन्यात वारली. मास्तर त्यानंतर दीड वर्ष जगले. मला नगरला पत्र मिळालं तेव्हा मी रजा काढून आले. माती होऊन गेली होती. मुलगा खोली आवरत होता. एक ताट, एक तांब्या, एक घोंगडी, आणि पेटीत डबी. कापडाची शिवण त्याने ओढून काढली होती आणि सोनं मांडीवर घेऊन बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्याच्यासाठी आला न्हाय तो. माझी आई दाराकडं बघत मेली आन् हा ह्याच्यावर बसून ऱ्हायला."

मग मी सगळं सांगितलं. अप्पाचं, नाकेदाराच्या बायकोचं, खणलेल्या जमिनीचं. मास्तरांनी मला काय विचारलं होतं, तेही सांगितलं. तो मुलगा सगळं ऐकून घेत होता.  त्याने दागिने एकेक करून डबीत भरले, झाकण लावलं.

"दोन महिन्यांचा तर सवाल होता, बाई," तो म्हणाला. "तुम्ही का न्हाय ठेवली?"

 त्याने डबी माझ्यापुढे सरकवली, घोंगडी काखेत मारली आणि निघून गेला.

मी ती तिथेच बसून पुन्हा शिवली. नगरला परत जाऊन बदलीचा अर्ज केला. मिशनच्या कचेरीतल्या साहेबांनी तो दोनदा वाचला. त्या गावाहून बदली मागणारे पुष्कळ होते, त्या गावाला मागणारी मी पहिलीच. कारण विचारलं तेव्हा मी लिहून दिलं की तिकडची हवा मानवते.

मी मास्तरांच्याच खोलीत राहते. दार बंद ठेवते, पण दूर जात नाही. नाकेदाराची बायको अजून आलेली नाही. तिची मुलगी आता तिशीला आली असेल, तिचं लग्न या सोन्यावाचून झालं असेल. लोक म्हणतात, बाई मास्तरासारखीच चिक्कू झाली. म्हणोत.

गेल्या उन्हाळ्यात नगरहून भावाची तार आली की आई फार आजारी आहे, ताबडतोब निघ. दुपारची बस मिळण्यासारखी होती. शेजारी नवीन आलेल्या शिक्षिकेची खोली आहे. चांगली मुलगी आहे, माझ्यावर माया करते. मी तिच्या दारापर्यंत गेले. ती पत्र वाचत बसली होती. लग्न ठरल्याचं पत्र होतं, तिने मला हसून दाखवलं. मी तिला तारेबद्दल काही बोलले नाही. तिचं अभिनंदन केलं आणि परत येऊन उंबऱ्यावर बसले.